फुगा भरण्याआधीचे काम

“ताई, पुढच्या रविवारी नातवाचा पहिला वाढदिवस आहे. स्टेजला फुग्यांचं डेकोरेशन करायचंय. किती घ्याल?” असा फोन मला आठवड्यातून निदान तीन-चार वेळा येतो. अशा वेळी मी लगेच आकडा सांगत नाही. कार्यक्रम कोणत्या हॉलमध्ये आहे, तो हॉल आमच्या ताब्यात किती वाजता येणार आहे आणि पहिले पाहुणे किती वाजता येणार आहेत, हे तीन प्रश्न मी आधी विचारते. फोनवरच्या काकांना किंवा काकूंना कित्येकदा वाटते, की ही बाई भाव वाढवून सांगण्यासाठी वेळ काढते आहे. तसे नसते. फुग्यांची किंमत एकूण खर्चात फार थोडी असते. खरा खर्च तासांचा असतो आणि किती माणसांचे किती तास लागणार हे या तीन उत्तरांवरूनच कळते.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. माझ्या सासऱ्यांचा मंडपाचा व्यवसाय होता, त्यामुळे बांबू, कनाती, सतरंज्या आणि तणावे यांच्या सोबतीनेच माझा संसार सुरू झाला. नऊ वर्षांपूर्वी मी फुग्यांच्या सजावटीची कामे घेऊ लागले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट निक्षून सांगितली होती, की जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुपारी घ्यायची नाही. हल्ली सांगली-मिरजेतल्या अनेक मुली घरातून हा व्यवसाय सुरू करत आहेत आणि त्या मला आवर्जून भेटतात. पंप कोणता घ्यावा, रिंगची फ्रेम कोठे बनवून मिळते, पेस्टल रंगांचे फुगे पुण्याच्या बोहरी आळीत स्वस्त पडतात की कोल्हापुरात, असे त्यांचे प्रश्न असतात. आखणीविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. माझ्या पाहण्यात जी कामे फसली, माझी स्वतःचीही, ती फुगे वाईट होते म्हणून फसली नाहीत. ती पंप सुरू होण्याच्या आधीच कागदावर फसलेली होती. म्हणून हा लेख त्या कागदाविषयी आहे.

लग्नसराईत आपल्याकडच्या मंगल कार्यालयांचा दिवस दोन तुकड्यांत वाटलेला असतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास अक्षता पडतात, पंगती चार वाजेपर्यंत चालतात, आणि वधूची पाठवणी झाल्यावर, स्टेजवरची फुले उतरवून, झाडलोट करून, सात वाजता दुसऱ्या कुटुंबाचा साखरपुडा किंवा वाढदिवस त्याच जागेत सुरू व्हायचा असतो. मधल्या तीन तासांत आम्हाला काम करायचे असते. माझी आखणी मी नेहमी शेवटापासून सुरू करते. पाहुणे सातला येणार असतील, तर साडेसहाला छायाचित्रकार घरच्या मंडळींचे फोटो काढायला उभा राहतो, म्हणून माझे काम सहाला संपलेले असावे लागते. शेवटचा अर्धा तास शिडी, पंप, दोऱ्यांचे तुकडे, फुटलेले रबर हे सगळे आवरण्यात जातो. म्हणजे माळ साडेपाचपर्यंत फ्रेमवर चढलेली हवी, आणि ती चढवायला पाऊण तास लागत असल्यामुळे पावणेपाचला फ्रेम उभी राहिलेली हवी. कागदावर असे उलटे मोजत गेले, की चार वाजता हॉल मिळाला तर त्या ठिकाणी एकही फुगा भरायला वेळ उरत नाही, ही गोष्ट आपोआप समोर येते. मग माळ घरूनच तयार करून न्यावी लागणार, हे त्याच क्षणी ठरते आणि त्यावरून टेम्पो, माणसे आणि भाव या तिन्ही गोष्टी ठरतात.

एका कार्यालयाने आम्हाला चार वाजता जागा देण्याचे कबूल केले होते आणि प्रत्यक्षात पावणेसहा वाजता दिली. सकाळच्या लग्नातल्या पंगती लांबल्या होत्या, त्यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नव्हता. पण त्या दिवशी मी सगळे फुगे तिथेच भरण्याचे ठरवले होते, आणि बाळाची आई नटून समोर उभी असताना आम्ही जमिनीवर बसून फुग्यांना गाठी मारत होतो. तिने एका शब्दानेही तक्रार केली नाही. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो आणि त्यानंतर मी हॉल मिळण्याची वेळ सांगितलेल्या वेळेच्या दीड तास पुढे धरूनच आखणी करते.

जागा पाहायला जाताना मी मोजपट्टी, वही आणि सुतळीचा गुंडा नेते. स्टेजची रुंदी, खोली आणि छताची उंची तर मोजावीच लागते, पण तेवढ्याने भागत नाही. स्टेजवरचे पंखे कोणत्या बाजूला आहेत, एसीचा झोत कोठे पडतो, हॅलोजन किती जवळ आहेत, भिंतीला चिकटपट्टी लावायला परवानगी आहे का, पंपासाठी जवळचा सॉकेट कोठे आहे, वीज गेली तर जनरेटरवर तो सॉकेट चालतो का, हे सगळे मी लिहून घेते. पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळी पाच वाजता तिच्यातून ऊन नेमके कोठे येते, हेही मी त्याच वेळी जाऊन पाहते. एकदा आठ फुटी गोल रिंग घेऊन आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलच्या जिन्यात अडकलो होतो. वळणावर ती ना उभी मावत होती ना आडवी. तेव्हापासून माझ्या सगळ्या फ्रेम चार तुकड्यांत उघडणाऱ्या आहेत. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेटरकडून मी त्या नटबोल्टच्या करून घेतल्या. सुरुवातीला त्या महाग वाटल्या, पण पुढे त्यांनी मला कितीतरी जिने सुखाने चढवले.

स्टेज पाहताना मी शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवरही जाऊन बसते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग ज्या गावात केला, त्या सांगलीच्या माणसाला हे वेगळे सांगावे लागू नये, पण सजावट करणारे आपण सगळेजण कामाच्या अगदी जवळ उभे असतो आणि तेथूनच ती डोळ्यांत भरवून घेतो. शेवटच्या रांगेतून पाच इंची फुगे जवळजवळ दिसत नाहीत. तिथे मोठ्या फुग्यांचे गट आणि रंगांचे पट्टे दिसतात. उलट पाळण्याभोवती किंवा केकच्या टेबलाशी माणसे हातभर अंतरावर येतात, तेव्हा लहान फुग्यांचे बारीक काम तिथे सार्थकी लागते.

आता मोजमाप. कमानीची लांबी काढताना नवीन मुली सर्रास चुकतात. बारा फूट रुंदीच्या दारावर अर्धगोल आर्च करायचा असेल, तर त्याची लांबी बारा फूट नसते. अर्धवर्तुळाच्या हिशेबाने ती जवळजवळ १९ फूट भरते. कमान अर्धगोलापेक्षा उंच असेल किंवा हल्लीच्या पद्धतीप्रमाणे एका बाजूला जमिनीवर ओघळत गेलेली असेल, तर सूत्राच्या मागे न लागता मी सुतळीच वापरते. भिंतीवर खडूने आकार काढायचा, त्यावरून सुतळी फिरवायची आणि ती सरळ करून मोजायची. सुतळीने सांगितलेली लांबी आजवर मला कधी चुकीची निघाली नाही.

लांबी कळली की फुगे मोजता येतात. जुन्या पद्धतीची एकसारखी, वळसे घेत जाणारी माळ चार-चार फुग्यांच्या घोसांची असते. नऊ इंचांपर्यंत भरलेले फुगे घेतले, तर एका घोसाने सहा-सात इंच जागा व्यापते आणि फुटाला सात-आठ फुगे लागतात. हल्ली सगळ्यांना हवी असते ती लहानमोठ्या फुग्यांची ओबडधोबड, वेलीसारखी वाढलेली दिसणारी माळ. तिच्यासाठी माझा हिशेब फुटाला आठ दहा-इंची फुगे, चार-पाच पाच-इंची आणि दर दोन फुटांना एक अठरा-इंची असा आहे. म्हणजे १८ फुटांच्या माळेला १४४ मध्यम, सुमारे ८० लहान आणि ९ मोठे फुगे झाले. त्यावर बारा-पंधरा टक्के जास्तीचे धरायचे, कारण काही भरताना फुटतात, काही वाहतुकीत फुटतात आणि काहींच्या रंगातच फरक निघतो.

रंगांचा प्रश्न इथेच येतो, कारण त्याचा संख्येशी थेट संबंध आहे. आताच्या आया जुनाट गुलाबी, मातकट, फिकट हिरवा असे मंद रंग मागतात, आणि ते पुष्कळदा एका फुग्यात दुसरा फुगा घालून मिळवावे लागतात. आत तपकिरी आणि बाहेर फिकट गुलाबी घातला, की बाजारात सहजासहजी न मिळणारा एक शांत, धुरकट गुलाबी तयार होतो. दिसायला तो फार सुंदर असतो, पण १४४ फुग्यांच्या जागी २८८ फुगे लागतात, आणि एकात एक सरकवण्याचे काम बोटांची परीक्षा पाहणारे असते. ते मी आदल्या दिवशी दुपारी करून घेते, कारण त्यात हवा भरायची नसते आणि न भरलेला फुगा कितीही वेळ थांबू शकतो. हळदीच्या कार्यक्रमांना मात्र मी दोन पदरी फुगे टाळते. तिथे पिवळा रंग उजळच शोभतो, आणि ज्या सांगलीच्या बाजारात अस्सल हळदीचे ढीग रोज पाहायला मिळतात, तिथल्या लोकांच्या डोळ्यांना फिकट पिवळा अपुरा वाटतो. रंग ठरवताना मी एक-एक फुगा फुगवून त्याच हॉलमध्ये, तिथलेच दिवे लावून दाखवते. पिवळ्या दिव्यांखाली जांभळा रंग काळपट होतो आणि पांढरा मलईसारखा दिसतो. नंतर वाद नको म्हणून हे आधी दाखवलेले बरे.

भरण्याच्या कामात माझा सगळ्यात मोलाचा सहायक म्हणजे पुठ्ठ्याचा एक खोका. त्याला मी पाच, सात, आठ, नऊ आणि अकरा इंची गोल भोके पाडलेली आहेत. फुगा भरला की भोकातून सरकवून पाहायचा. घट्ट बसला तर थोडी हवा सोडायची. डोळ्यांच्या अंदाजाने भरलेले फुगे एकेकटे पाहिले तर सारखे वाटतात, पण घोसात बांधल्यावर माळ वाकडी जाऊ लागते आणि का वाकडी जाते हे कळत नाही. दुसरे असे, की फुगा त्याच्या पाकिटावर लिहिलेल्या मापापर्यंत कधी भरू नये. अकरा इंची फुगा नऊ इंचांवर थांबवला, तर त्यात पूर्ण भरलेल्या फुग्याच्या जवळजवळ निम्मीच हवा असते, कारण व्यासात दोनच इंचांचा फरक असला तरी आकारमान त्याच्या घनाने कमी होते. असा फुगा गोल दिसतो, मानेकडे ओढला जात नाही, दाबला तर दबतो आणि शेजारच्या फुग्याला जागा देतो. गच्च भरलेला फुगा नुसत्या स्पर्शानेही फुटतो.

वेळेचा हिशेब असा, की दोन नोझलच्या पंपावर सराव असलेला माणूस मापून, गाठ मारून तासाला साधारण २०० फुगे करतो. जोड्या बांधून, तंगुसात ओवून माळ तयार करायला फुटाला पाच-सहा मिनिटे लागतात. तंगूस मी मासेमारीच्या सामानाच्या दुकानातूनच आणते. सजावटीच्या सामानात मिळणारा दोरा त्याच्यापुढे टिकत नाही. वर सांगितलेली १८ फुटांची माळ दोन माणसांनी करायची तर तीन तास हातात हवेत. आम्ही ती सहा-सहा फुटांच्या तीन तुकड्यांत करतो, जुन्या मऊ चादरींत गुंडाळतो आणि छोट्या हत्तीमधून नेतो. सामानाचे वजन काहीच नसते, पण जागा इतकी लागते की त्या टेम्पोत असे जेमतेम सात-आठ तुकडे मावतात. मोठ्या कामाला दोन फेऱ्या होतात, आणि दुसऱ्या फेरीचा वेळ कागदावर लिहायला मी एकदा विसरले होते. टेम्पोवर ताडपत्री ओढली तर उन्हात आतली हवा भट्टीसारखी तापते, म्हणून आम्ही जाळी लावतो आणि उन्हाळ्यात शक्यतो सकाळी नऊच्या आत सामान हॉलच्या एखाद्या सावलीतल्या खोलीत पोहोचवतो.

उन्हाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या व्यवसायातले बरेचसे परदेशी व्हिडिओ थंड हवेच्या ठिकाणी केलेले असतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. रबराचा फुगा रबराच्या झाडाच्या चिकापासून बनतो. मायकेल फॅरेडे यांनी १८२४ मध्ये लंडनला वायूंच्या प्रयोगांसाठी रबराचा पहिला फुगा केला, तेव्हापासून मूळ पदार्थ तोच आहे. या रबरावर ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांचा परिणाम भरल्याक्षणापासून सुरू होतो. उन्हात तासाभरात फुग्याची चकाकी जाते आणि त्यावर मखमलीसारखी साय धरते. गडद रंगांवर ती जास्त उठून दिसते, शिवाय गडद रंग ऊन शोषून लवकर तापतात. थंड हॉलमध्ये २४ अंशांना भरलेला फुगा ४० अंशांच्या सावलीत नेला, तरी आतली हवा सुमारे ५ टक्क्यांनी प्रसरण पावते, आणि थेट उन्हात फुगा हवेपेक्षाही अधिक तापत असल्यामुळे प्रसरणही अधिक होते. म्हणून उघड्यावरच्या कामाला मी फिकट रंग सुचवते, फुगे आणखी एक इंच कमी भरते आणि चकचकीत क्रोम फुगे दुपारच्या कार्यक्रमाला साफ नाकारते. ग्राहकाने फारच आग्रह धरला, तर मी सजावट दुपारी चारनंतर उभारण्याची अट घालते. सुट्टे फुगेही याच कारणाने कोरड्या, अंधाऱ्या, थंड जागेत ठेवावे लागतात. २०१९ च्या महापुरापासून माझे गोदाम वरच्या मजल्यावर आहे आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्या पत्र्याच्या छताखाली फुगे खराब होतात, म्हणून ते दोन महिने मी पाकिटे घरातल्या लोखंडी कपाटात हलवते.

ऊन परवडले, पण वारा नको. मिरज रस्त्याच्या बाजूला एका लॉनवर मे महिन्यात साखरपुडा होता. आठ बाय आठ फुटांची चौकट, तिच्यावर दोन बाजूंनी ओघळणारी माळ, मध्ये दोघांच्या नावांची पाटी असे काम होते आणि ते माझ्या मनासारखे उतरले होते. साडेपाचच्या सुमारास पश्चिमेला आभाळ काळे झाले. वळवाचा पाऊस पडण्याआधी जो वारा सुटतो तो सुटला आणि चौकट सोफ्यावर उपडी झाली. सोफ्यावर तेव्हा कोणी बसलेले नव्हते. अर्ध्या तासाने तिथे नवरा-नवरी बसणार होते. मी पायांवर दहा-दहा किलोच्या दोन वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या आणि तेवढ्या पुरतील असे मला मनापासून वाटले होते. घरी आल्यावर सासऱ्यांना सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारले, “तणावे कुठं होते?” तणावे मी बांधलेच नव्हते, कारण फोटोत दोऱ्या दिसतील अशी मला भीती होती.

नंतर मी आमच्या ओळखीच्या एका अभियंत्याकडून हिशेब समजून घेतला. फुग्यांनी भरलेली आठ बाय आठची चौकट वाऱ्याला शिडासारखी वाटते आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर तिच्यावर जवळजवळ ३० किलो वजनाइतका रेटा येतो. तो रेटा चौकटीच्या मध्यावर, म्हणजे चार फूट उंचीवर लागतो आणि तिला थोपवणारा पाय जेमतेम दीड फूट मागे गेलेला असतो, त्यामुळे नुसत्या वजनाने तिला धरायची तर ८० किलो लागतात. वळवाचा झोत ताशी ३० किलोमीटरच्या पुष्कळ वर जातो. आता उघड्यावरच्या प्रत्येक चौकटीला मी प्रत्येक पायावर २० किलोची दोन पोती ठेवते, पाठीमागे लोखंडी खुंट्या ठोकून तणावे बांधते, आणि मागच्या कापडात मुद्दाम भोके ठेवते म्हणजे वारा त्यातून निघून जातो. जमीन फरशीची असेल आणि खुंटी ठोकता येत नसेल, तर मी चौकट उभी न करता सजावट भिंतीला किंवा मांडवाच्या खांबाला बांधते. एप्रिल आणि मे महिन्यांत संध्याकाळी उघड्यावर कार्यक्रम असेल, तर छपराखालची दुसरी जागा त्याच दिवशी पाहून ठेवते आणि ती ग्राहकाला दाखवतेही.

हवेत तरंगणाऱ्या फुग्यांची मागणी अजूनही असते आणि त्याविषयी माझे मत ठाम आहे. तरंगणारा फुगा हवा असेल तर हेलियम भरायचा. हायड्रोजन कोणत्याही परिस्थितीत नाही. जत्रेतल्या फुगेवाल्याकडे असतो तो वायू बहुधा हायड्रोजन असतो, तो स्वस्त मिळतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी तो पेट घेतो. ज्या घरात निरांजन लावून औक्षण होणार आहे, केकवर मेणबत्ती लागणार आहे, तिथे डोक्यावर हायड्रोजनचे फुगे सोडणे मला कल्पनेतही सहन होत नाही. हेलियम पेटत नाही, पण तो महाग आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात, जेव्हा जान्सेन हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला दुर्बीण लावून बसले होते, तेव्हा सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या पिवळ्या रेषेवरून या वायूचा माग लागला. मात्र आज आपल्या देशाला लागणारा जवळजवळ सगळा हेलियम बाहेरून येतो, त्यामुळे सिलिंडरचा भाव आपल्या हातात राहत नाही. एक लिटर हेलियम साधारण एक ग्रॅम वजन उचलतो. अकरा इंची फुग्यात बारा-चौदा लिटर वायू मावतो आणि फुग्याचे स्वतःचे वजन तीन ग्रॅमच्या आसपास असते, म्हणून दोरी आणि चिठ्ठी मिळून नऊ-दहा ग्रॅमच्या वर गेली, की फुगा खाली येऊ लागतो. शिवाय रबरातून हेलियम सतत झिरपत असतो, त्यामुळे असा फुगा रात्री भरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वापरता येत नाही. तो कार्यक्रमाच्या आधी तीन-चार तासच भरावा लागतो, म्हणजे सिलिंडर आणि भरणारा माणूस हॉलमध्येच हवा. हे सगळे सांगितल्यावर दहांपैकी आठ लोक छताला साध्या हवेचे फुगे बांधायला तयार होतात, आणि खालून पाहणाऱ्याला त्यात फरकही जाणवत नाही.

हेलियमच्या सिलिंडरपाशी मी माझा माणूस कायम उभा ठेवते. आवाज बारीक करण्यासाठी तो वायू ओढण्याची मुलांना हौस असते, पण फुप्फुसात प्राणवायूऐवजी हेलियम गेला तर माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. चांदीसारख्या चकाकत्या फॉइलच्या आकड्यांना मी वजन बांधल्याशिवाय उघड्यावर नेत नाही, कारण त्यावरचा धातूचा थर वीज वाहून नेतो आणि तो फुगा विजेच्या तारांत अडकला, तर अख्ख्या गल्लीचा वीजपुरवठा जाऊ शकतो. शेकडो फुगे आकाशात सोडण्याची कामे मी घेत नाही. ते रबर कुठेतरी खाली पडतेच, शेतात, ओढ्यात किंवा कृष्णेत, आणि ते कुजायला कित्येक महिने लागतात.

औक्षणाची जागा मी पहिल्याच भेटीत आजीबाईंना विचारून ठरवते. घरातल्या तरुण मंडळींच्या डोक्यात केक असतो, पण निरांजनाचे ताट कोणत्या बाजूने येणार, समई कोठे ठेवणार, हे आजींनाच नेमके माहीत असते. समईपासून माळ निदान चार फूट दूर राहील अशी मी फ्रेम सरकवते. स्टेजवर थंड फटाके उडवणार असतील तर तेही आधी सांगायला सांगते, कारण त्यांच्या ठिणग्या फुग्यांवर पडल्या तर अख्खी माळ एका दमात फुटत जाते आणि तान्ही मुले भेदरतात.

पैशांचे फार लिहीत नाही. अर्धी रक्कम आगाऊ घेते, आणि रंग बदलायचे असतील तर रविवारच्या कामासाठी बुधवारपर्यंतच बदलता येतील असे सांगते, कारण पुण्याहून पार्सल यायला दोन दिवस जातात. उभारणी, वाहतूक आणि उतरवणी यांचे आकडे मी कोटेशनमध्ये वेगवेगळे लिहिते. उतरवणीचा आकडा पाहून काही जण म्हणतात, “आम्हीच काढू की ताई.” ते मी मान्य करत नाही.

कारण उतरवणी हे मला उभारणीइतकेच जबाबदारीचे काम वाटते. कार्यक्रम संपला की मुले फुग्यांवर तुटून पडतात, आणि फुटलेल्या रबराचा तुकडा रांगत्या बाळाच्या घशात अडकला तर तो श्वासनलिकेवर चिकटून बसतो आणि सहज निघत नाही. म्हणून आम्ही माळ फ्रेमवरून तुकड्यांतच उतरवतो, बाजूच्या खोलीत नेतो आणि तिथे प्रत्येक फुग्याच्या गाठीशी कात्रीने लहानसा छेद देऊन हवा सोडतो. असे केले की फुगा फुटून विखुरत नाही, अखंड राहतो. मोठ्या मुलांना हवे असतील तर दोन-दोन फुगे मी देते. अगदी लहान मुले असतील तर आईच्या हातात देते आणि खाली बसलेला फुगा लगेच टाकून द्यायला सांगते. मग स्टेजवरची सतरंजी झटकायची, खुर्च्यांखाली पाहायचे, टेबलाच्या कापडाखाली पाहायचे. बाहेर फेकलेल्या पत्रावळींत हे रबर गेले तर ते गाई खातात, म्हणून कचरा मी हॉलच्या डब्यात न टाकता बरोबर घेऊन जाते.

गेल्या रविवारी त्या नातवाच्या वाढदिवसाचे काम रात्री अकराला संपले. आजोबा शेवटपर्यंत थांबले होते. मुलांनी फ्रेमचे तुकडे टेम्पोत चढवले आणि मी रबराची पिशवी गाठ मारून वजनकाट्याला लावली. काटा मी नेहमी बरोबर ठेवते, नोंदीसाठी. दुपारी टेम्पोतली अर्धी जागा व्यापणारी ती सगळी माळ, तिचे २८८ मध्यम, ८० लहान आणि ९ मोठे फुगे मिळून पाऊण किलोला थोडे कमी भरले. आजोबांनी तो आकडा चष्मा वर करून दोनदा वाचला. मी तो वहीत लिहून घेतला आणि पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवली.